संग्राह्य ॲक्शन फिगर कशी पारखावी: घडण, सांधे आणि सोबतचे साहित्य

संग्राह्य ॲक्शन फिगरचे, म्हणजे एखाद्या पात्राच्या हलत्या सांध्यांच्या छोट्या प्लॅस्टिक प्रतिकृतीचे, परीक्षण करताना बहुतेक जण रूप, सांधे आणि सोबतचे साहित्य असे तीन रकाने आखतात, प्रत्येकात वेगळे गुण देतात आणि शेवटी बेरीज मांडतात. ही रीत सोयीची आहे, पण तिच्यातून फिगरचा कस लागत नाही, कारण या तिन्ही गोष्टी वीतभर प्लॅस्टिकमध्ये एकमेकींच्या जागेवर हक्क सांगत असतात. खांद्याला फिरायला मोकळीक द्यावी तर छातीच्या घडणीत फट पडते. छाती सलग ठेवावी तर हात पुढे येत नाही. आणि हात पुढे आला नाही तर दोन्ही हातांनी पेलायची तलवार खोक्यातच पडून राहते. म्हणून सांधे किती आहेत हे मोजण्याआधी परीक्षकाने वेगळेच विचारायला हवे: या पात्राला ज्या ढंगात उभे राहायचे आहे त्या ढंगात ही फिगर उभी राहते का, तशीच टिकते का, आणि त्यासाठी तिच्या रूपाला किती तोशीस पडली आहे?

या खेळण्यांचा इतिहासही याच प्रश्नाभोवती फिरतो. हॅसब्रो या अमेरिकी खेळणी कंपनीने १९६४ मध्ये जी. आय. जो हा सैनिक बाजारात आणला तेव्हा तो सुमारे बारा इंचांचा होता आणि त्याचे सांधे कापडी गणवेशाखाली झाकले जात, त्यामुळे सांध्यांनी रूप बिघडण्याचा प्रश्न फारसा उद्भवला नाही. केनर या दुसऱ्या कंपनीने १९७८ मध्ये स्टार वॉर्स चित्रपटाच्या पावणेचार इंची फिगर आणल्या. त्यांचे कपडे बहुतांशी प्लॅस्टिकमध्येच घडवलेले होते आणि हलणाऱ्या जागा साधारणतः पाचच होत्या, म्हणजे मान, दोन खांदे आणि दोन जांघा. १९८२ मध्ये त्याच उंचीचा नवा जी. आय. जो कोपर आणि गुडघे घेऊन आला, तरी त्याला बंदूक दोन्ही हातांनी नीट धरता येत नव्हती. पुढच्याच वर्षी त्याच्या कोपराच्या वर, दंडात, गोल फिरणारा एक सांधा बसवला गेला आणि ती अडचण दूर झाली. एका सांध्यामुळे त्या मालिकेतल्या शस्त्रांना अर्थ आला, ही गोष्ट मला सांध्यांच्या कोणत्याही मोठ्या आकड्यापेक्षा अधिक बोलकी वाटते. टॉय बिझ कंपनीच्या मार्व्हल लेजेंड्स या मालिकेने २००२ पासून सहा इंची मापात भरपूर सांध्यांची अपेक्षा रुजवली, आणि २००८ मध्ये सुरू झालेल्या एस. एच. फिगुआर्ट्स आणि फिग्मा या जपानी मालिकांनी बदलायचे हात आणि चेहरे यांना मोठे महत्त्व दिले. परीक्षण करताना फिगर यांपैकी कोणत्या घराण्यातली आहे हे आधी ठरवावे. जुन्या धाटणीत मुद्दाम पाच सांधे ठेवून काढलेल्या फिगरला गुडघा वाकत नाही म्हणून नापास करणे अन्यायाचे आहे.

माप तपासणे सोपे असले तरी ते पट्टी हातात घेऊनच करावे. खोक्यावर लिहिलेले ‘सहा इंची’ हे अनेकदा मालिकेचे नाव असते, त्या फिगरची उंची नव्हे. १/१२ प्रमाणात १८३ सेंटिमीटर उंचीचा माणूस १५.२ सेंटिमीटरचा होतो. १/१८ मध्ये तो दहा सेंटिमीटरच्या किंचित वर जातो आणि १/६ मध्ये साडेतीस सेंटिमीटरपर्यंत. पात्राची उंची माहीत असेल तर गुणोत्तर काढून पाहावे, आणि मोजताना केस, शिरस्त्राण, शिंगे व जाड तळवे वगळावेत. एकाच मालिकेतल्या दोन पात्रांमधला उंचीचा फरक बरोबर आहे का, हे संग्राहकाच्या दृष्टीने एकट्या फिगरच्या उंचीइतकेच महत्त्वाचे असते, कारण फळीवर ती शेजारीशेजारी उभी राहणार असतात.

घडण पाहताना सुरुवात हातभर अंतरावरून करावी. फिगर प्रकाशाच्या विरुद्ध बाजूला धरून केवळ तिची बाह्याकृती पाहिली तर पात्र ओळखू येते का? रंग, चिन्हे आणि चेहरा नाहीसे झाल्यावरही जी फिगर ओळखू येते तिच्या प्रमाणबद्धतेवर शिल्पकाराने खरी मेहनत घेतलेली असते. नंतर ती बाजूने पाहावी. जाहिरातीतील छायाचित्रे बहुधा समोरून किंवा तिरकस कोनातून घेतलेली असतात, आणि पुढे झुकलेली मान, सपाट पडलेली पाठ, वरच्या धडापेक्षा मागे गेलेले पाय हे दोष बाजूनेच उघडे पडतात. डोक्याचा आकार, मानेची लांबी आणि तळहाताचा आकार या तीन ठिकाणी चूक झाली की बाकीचे काम कितीही बारीक असो, फिगर अवघडलेली दिसते. मानेचा सांधा मोठा करावा लागल्यामुळे डोके किंचित वर उचललेले राहणे ही तडजोड तर फार ठिकाणी आढळते; डोके पूर्ण खाली दाबून बसवल्यावरही ती जाते की नाही, हे पाहून मगच मत द्यावे.

कपड्याच्या चुण्या शरीराच्या ताणातून निघालेल्या असाव्यात. काखेत, कोपराच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यामागे चुण्या एकवटतात, आणि नुसत्या शोभेसाठी कोरलेल्या चुण्या नेमक्या याच ठिकाणी खोट्या ठरतात. पोताचे मापही लक्षात घ्यावे: १/१२ प्रमाणात चामड्याचा खडबडीतपणा जवळजवळ दिसेनासा व्हायला हवा, आणि जिथे तो ठळक दिसतो तिथे पट्टा चामड्याचा न वाटता झाडाच्या सालीचा वाटू लागतो. साच्याचे दोन भाग जिथे मिळतात तिथली उभी रेघ दंडाच्या मागे किंवा पायाच्या आतल्या बाजूला असेल तर ती क्षम्य आहे. ती गालावरून किंवा तलवारीच्या पात्यावरून जात असेल तर दोष नोंदवावा.

रंगकामात सर्वांत आधी डोळे पाहावेत. दोन्ही बुबुळे एकाच रेषेत आणि एकाच बिंदूकडे पाहणारी असावीत. आजकाल बऱ्याच फिगरांचे चेहरे छापलेले असतात आणि भिंगाखाली त्यावर बारीक ठिपके दिसतात. हा दोष नाही, कारण हातभर अंतरावर ते मिसळून जातात, मात्र छपाई अर्धा मिलिमीटर जरी सरकली तरी डोळ्याची पापणी शिल्पातल्या पापणीवर बसत नाही आणि नजर तिरळी होते. मोबाइलने झूम करून काढलेल्या छायाचित्रावरून रंगकामाला दूषणे देऊ नयेत, कारण डोळ्यांना कधी न दिसणारे ठिपकेही त्यात डोंगराएवढे दिसतात. दिवसाच्या पसरट उजेडात आणि रात्रीच्या दिव्याखाली अशी दोनदा पाहणी पुरेशी होते.

रंगाविषयी एक गोष्ट मात्र नीट समजून घ्यायला हवी, कारण तिचा थेट सांध्यांशी संबंध आहे. फिगर एकाच प्लॅस्टिकची नसते. मऊ बारकावे, केस, हात आणि अंगरखे बहुधा पीव्हीसीचे असतात, टणक कवचे आणि सांध्यांचे काही भाग एबीएसचे, तर सतत घासल्या जाणाऱ्या खुंट्या अनेकदा पीओएमसारख्या चिवट, गुळगुळीत प्लॅस्टिकच्या असतात. पीओएमवर रंग नीट धरत नाही. त्यामुळे मांडीचा निळा आणि गुडघ्याच्या चकतीचा निळा वेगळा दिसला तर ते केवळ दुर्लक्ष नसते. दोन भिन्न प्लॅस्टिक्समध्ये एकच छटा आणणे मुळात अवघड असते. चांगला कारखाना ती आणतो. दुसरा मार्ग म्हणजे वेगळ्या रंगाच्या सांध्यावर रंग चढवणे, आणि तो पहिल्या काही वाकवण्यांतच खरवडला जातो. म्हणून कोपर आणि गुडघा पूर्ण वाकवून आतली बाजू पाहावी: तिथे सांध्याचा मूळ रंग वेगळा निघाला तर आज दिसणारी सुबकता फार टिकणार नाही, असे परीक्षणात स्पष्ट लिहावे.

आता सांधे. पहिल्यांदा हालचाल करण्यापूर्वी फिगर खोलीच्या तापमानाला आलेली असावी. एखादा सांधा अडला तर जोर लावू नये. रंगामुळे चिकटलेल्या सांध्याला पिळा दिला की आतली खुंटी तुटते, आणि पारदर्शक प्लॅस्टिकची खुंटी असेल तर ती सहसा आधीच ठिसूळ असते. केस वाळवायच्या यंत्राची मंद ऊब किंवा कोमट-गरम पाण्यात थोडा वेळ ठेवणे पुरते, अर्थात फिगरला कापडी पोशाख किंवा विजेचे भाग नसतील तरच पाणी वापरावे. त्यानंतरही सांधा हलला नाही तर थोडेसे सिलिकॉन तेल चालते. स्वयंपाकाचे किंवा यंत्राचे तेल वापरू नये.

तपासणी घोट्यापासून वर करत जावी, कारण सगळ्या फिगरचा तोल घोट्यावर असतो. घोटा पुढे-मागे वाकतो एवढे पुरेसे नाही. तो आतल्या व बाहेरच्या बाजूला कलायला हवा. पाय खांद्यांच्या दुप्पट अंतरावर फाकवावेत, फिगर टणक सपाट पृष्ठभागावर ठेवावी आणि तळव्याच्या कडेखाली कागद सरकवून पाहावा. कागद आत गेला तर तळवा पूर्ण टेकलेला नाही, आणि ती फिगर रुंद पवित्र्यात केवळ कडांवर उभी आहे. घोटा कलला तरी बुटाची नडगी त्याला अडवत असेल तर शिल्पाने सांध्याला हरवले आहे, असे समजावे. गुडघ्याला दोन बिजागऱ्या असतील तर टाच मांडीच्या मागे कुठवर पोहोचते ते पाहावे, आणि त्याच वेळी मधला भाग वाटीसारखा दिसतो की पायात अडकलेला एक सुटा तुकडा वाटतो, हेही पाहावे. जांघेत पुढची लाथ काटकोनापर्यंत गेली तर उत्तम. काही फिगरांत जांघेचा सांधा किंचित खाली ओढता येतो आणि मग पाय अधिक उचलला जातो. ही सोय असेल तर ती वापरूनच मोजमाप करावे, आणि ओढल्यावर कमरेपाशी दिसणारी फट त्या हिशेबात धरावी.

धडात कंबर आणि बरगड्यांखालचा सांधा असे दोन वळणबिंदू असतात. पुढे वाकणे सर्वांना आठवते; मागे वाकणे विसरले जाते, आणि उडणाऱ्या किंवा उडी घेणाऱ्या पात्राला तेच अधिक लागते. मानेची परीक्षाही अशीच पात्रानुसार बदलते. भिंतीवर सरपटणाऱ्या किंवा हवेत आडव्या झेपावणाऱ्या पात्राला वर पाहता आलेच पाहिजे, तर जड कवच घातलेल्या योद्ध्याची मान थोडी अडली तरी चालते. लांब केस पाठीवर टेकून डोके मागे जाऊ देत नसतील तर तो दोष आहे, पण केस मऊ प्लॅस्टिकचे किंवा सांधा असलेले असतील तर त्याचे श्रेय द्यावे.

मनगटाकडे परीक्षकांचे सर्वांत कमी लक्ष जाते आणि तिथेच शस्त्रधारी फिगरचे बरेवाईट ठरते. हात वर-खाली झुकवणारी बिजागरी आणि हात अंगठ्याच्या बाजूला झुकवणारी बिजागरी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. तलवार समोर रोखायची तर दुसऱ्या प्रकारची लागते. पहिल्या प्रकारात पाते नेहमी हाताशी काटकोन करून छताकडे पाहत राहते.

सगळे सांधे सुटे तपासून झाले की ते एकत्र तपासावेत, आणि त्यासाठी धनुर्धराची फिगर सर्वांत कठोर शिक्षक आहे. उजव्या हाताने प्रत्यंचा ओढणाऱ्या धनुर्धराचा डावा हात खांद्याच्या उंचीवर सरळ बाहेर जायला हवा. उजवे कोपर त्याच उंचीवर मागे जायला हवे आणि ते पूर्ण दुमडून तळहात गालापाशी यायला हवा, पण त्या वेळी दंड छातीला आणि खांद्यावरचे कवच जबड्याला भिडता कामा नये. डोके डाव्या खांद्यावरून वळून बाणाच्या रेषेत पाहायला हवे. छातीच्या आत खांदा पुढे-मागे सरकवणारा सांधा, ज्याला संग्राहक बटरफ्लाय जॉइंट म्हणतात, तो असेल तर उजवा खांदा मागे खेचला जातो आणि मागे ओढलेल्या दंडात खरा ताण दिसतो. तो नसेल तर कोपर मागे जाताच मनगट गालापासून दूर सरते आणि धनुर्धर बाण सोडण्याऐवजी कान खाजवतो आहे असे वाटते. आता सांधा सरकल्यावर छातीत पडलेली फट पाहावी. ती काखेच्या सावलीत लपते का, की छातीवरचे चिन्ह दुभंगते? शेवटी मागे घेतलेल्या हाताची बोटे प्रत्यंचा खरोखर धरतात का, आणि प्रत्यंचा ताणली जाणारी आहे की ताठ प्लॅस्टिकची? हात, सांधे आणि धनुष्य या तिघांपैकी एकानेही माघार घेतली की संपूर्ण पोझ कोसळते, आणि सुट्या रकान्यांत भरघोस गुण मिळालेली फिगर इथे उघडी पडते. पात्र धनुर्धर नसेल तर त्याच्या स्वभावातल्या दोन-तीन पोझेस आधी कागदावर लिहाव्यात आणि त्या साधतात का ते पाहावे. अवाढव्य राक्षसाला गुडघे टेकता आले नाहीत तर फारसे बिघडत नाही. सामुराईला दोन्ही हातांनी मूठ धरता आली नाही तर सारेच बिघडते.

पोझ साधणे आणि पोझ टिकणे या दोन वेगळ्या कसोट्या आहेत. सर्वांत जड शस्त्र हातात देऊन हात आडवा ठेवावा आणि तासाभराने पाहावा. फिगर एका रात्रीसाठी आधाराविना उभी ठेवून सकाळी तिचा कल तपासावा. मोठ्या, जड फिगरमध्ये काही सांधे टकटक आवाज करत ठरावीक टप्प्यांवरच थांबतात. त्यांची पकड भक्कम असते, पण हवी असलेली अवस्था दोन टप्प्यांच्या मधोमध आली तर तोल साधणे कठीण जाते, आणि हे खरेदीदाराला आधी कळलेले बरे.

सोबतच्या साहित्याची नुसती संख्या मोजू नये. पात्र ज्याशिवाय ओळखू येत नाही ते शस्त्र, त्याला धरणारा हात आणि दुसऱ्या मनःस्थितीचा एखादा चेहरा एवढे मिळाले तर ते दहा किरकोळ वस्तूंपेक्षा मोलाचे. मोठी फिगर जोडण्यासाठी प्रत्येक खोक्यात एकेक अवयव देण्याची पद्धत अनेक मालिकांत आहे; तो अवयव या फिगरचे साहित्य म्हणून धरू नये, कारण बाकीची खोकी घेतल्याशिवाय त्याचा काही उपयोग नाही.

बदलायचे हात तपासताना मूठ मनगटाच्या अगदी जवळ, खुंटीच्या मुळाशी धरून सरळ ओढावी, वाकडी पिळू नये. हात घट्ट असेल तर तो आधी उबदार करावा. खुंटी हातासोबत निघून येते की मनगटात राहते, सगळ्या हातांच्या खोबणी सारख्याच घट्ट आहेत का, आणि निर्मात्याने जादा खुंटी दिली आहे का, या तीन गोष्टी नोंदवाव्यात. मग हातात शस्त्र द्यावे. शस्त्राची मूठ बोटांत सहज सरकून घट्ट बसली पाहिजे. ती कोंबावी लागली तर मुठीवरचा रंग निघतो आणि सैल बसली तर तलवार खाली लोंबते. बंदुकीसाठी चाप ओढणारे सुटे बोट असलेला हात दिला आहे का, आणि तो योग्य बाजूचा आहे का, हेही पाहावे. म्यान असेल तर त्यात पाते घालून फिगर उलटी करावी. वाकलेले पाते हा मोठा दोष मानू नये: गरम पाण्यात धरून सरळ करावे आणि लगेच थंड पाण्यात बुडवावे, ते आकार धरून राहते. बदलायच्या डोक्याची त्वचा मानेच्या रंगाशी जुळते का, ते मात्र दिवसाउजेडीच पाहावे. प्लॅस्टिकचा अंगरखा जड असेल तर तो फिगरला मागे ओढतो. कापडी अंगरख्याच्या काठात तार असेल तर त्याला हवा तसा वाऱ्याचा झोत देता येतो, पण शिवण जाड असेल तर छोट्या मापात तो पडद्यासारखा दिसतो. उडणाऱ्या पात्रासोबत स्टँड नसणे ही माझ्या मते गंभीर उणीव आहे, कारण स्टँडच्या अभावी सांध्यांवरची निम्मी मेहनत वाया जाते.

वापरलेली किंवा जुनी फिगर पारखताना साहित्याला आणखी वजन येते. केनरच्या १९७८ च्या जावा या स्टार वॉर्समधल्या पात्राच्या छोट्या फिगरला सुरुवातीला व्हिनाइलचा अंगरखा होता, पुढे तो कापडी करण्यात आला. त्या व्हिनाइल अंगरख्यामुळे ती इतकी मौल्यवान ठरली की बनावट अंगरखे घातलेल्या प्रती आजही फिरत असतात. म्हणून शस्त्र किंवा अंगरखा मूळचा आहे का, हे खात्रीच्या नमुन्याशी ताडून पाहावे. पाठीवर किंवा तळव्यावर कोरलेले वर्ष हे हक्क नोंदवल्याचे असते, ती विशिष्ट प्रत त्याच वर्षी बनली असे त्यावरून म्हणता येत नाही. बनावट फिगर सहसा अधिक चकचकीत, हलकी आणि कडेला फुगीर असते, आणि तिच्यावरची कोरीव अक्षरे पुसट असतात. पांढरे भाग पिवळे पडले असतील तर अतिनील प्रकाश हे त्याचे एक नेहमीचे कारण असते. पृष्ठभाग चिकट लागला तर पीव्हीसीतील मऊपणा देणारे द्रव्य बाहेर येत आहे. सौम्य साबणाने धुतल्यावर चिकटपणा जातो, पण काही महिन्यांनी परतू शकतो. १९८० च्या दशकातल्या जी. आय. जोचे धड आणि पाय आतल्या रबरी कड्याने जोडलेले असतात. ते तुटले असेल तर फिगर बाद झाली असे समजू नये, कडे बदलता येते.

निष्कर्ष लिहिण्यापूर्वी सर्व फिगरांची छायाचित्रे एकाच पार्श्वभूमीवर, एकाच उजेडात आणि त्याच तीन कोनांतून घ्यावीत, म्हणजे दोन परीक्षणांची तुलना करता येते. पहिले मत त्याच दिवशी लिहावे आणि जागा मोकळी सोडावी, कारण काही दोष महिनाभर फळीवर राहिल्यावरच दिसतात: सतत शस्त्र धरून राहिलेल्या मऊ हाताची बोटे उघडतात, घोटे ढिले पडतात, पारदर्शक स्टँडचा चिमटा पीव्हीसीच्या कमरेवर खूण उमटवतो. महिन्याने ती फिगर त्याच पोझमध्ये पुन्हा उभी करावी, सांध्यांची पकड आणि हातांची पकड नव्याने तपासावी आणि मोकळ्या जागेत त्या तारखेची नोंद करावी.